घरात माठ न्हाय

२ एप्रिल

न्हाय, आमच्या घरात माठ न्हाय. ठेवायला जागा न्हाय म्हणून न्हाय, बास. सोलापुरात ऊन बेचाळीसवर गेलं तर जाऊ दे. पाणी चार दिवसाआड येतंय, ते पितळी घागरीत भरून ठेवतोय, कोंबट असतंय, पिऊन कुणी मेलं न्हाय. फ्रीज हाय. त्यात दूध आन् आता सुया. पाण्याची बाटली न्हाय.

ही डायरी औषधाच्या कंपनीची. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात माजिदा सिस्टरनं धनाच्या हातात दिली. "हिच्यात लिवायचं मा, कुटली सुई, किती वाजता, पोटाच्या कुटल्या बाजूला." धना म्हणली, मी मोबाईलमध्ये लिहिते. म्हणलं आण हिकडं. चौथीपर्यंत कानडी शाळा झालीया माझी, मराठी दुकानाच्या पाट्या वाचून शिकले. तारीख आन् सुई लिहायला तेवढं पुरतंय.

धना म्हंजी धनलक्ष्मी, माझी एकुलती एक लेक. चौतीस वय. कुर्डुवाडीला दिली, जावई मल्लेश तितं रेल्वेच्या कारखान्यात हाय. लग्नाला नऊ वर्सं झाली, मूल न्हाय. आता दवाखान्यातनं टेस्ट ट्यूबचं करायचं म्हणून माझ्याकडं येऊन राहिलीया. सुया मी देणार. चनमल्लप्पाला अकरा वर्सं इन्सुलिन मीच दिलं. नवऱ्याचं नाव लिहिते, रागवायला ते आता न्हाईत.

डॉक्टरीणबाईंचं नाव नाजनीन. बारीक आवाज, पण प्रश्न लई. घरात कुणाला पायात, छातीत रक्ताची गुठळी झालेली? कुणाची पोटं पडलीत? बाळंतपणात कोण गेलंय? त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच म्हणलं, न्हाय. आमच्यात काय न्हाय. धनाच्या सोयरिकीत पण हेच सांगितल्यालं, आमच्यात कसलं दुखणं न्हाय म्हणून. सगळेच सांगतेत.

बाईंनी कागदावर फुली मारली. धनानं सही केली.

सुई पहिली. संध्याकाळी आठ. उजवी बाजू. तिनं डोळे मिटलेले, मी म्हणलं उघड, झाली.

३ एप्रिल

सुई. आठ. डावी.

५ एप्रिल

दोन सुया. आता रोज दोन. हात थरथरत न्हाय माझा.

खाली माझं कडक भाकरीचं काम जोरात हाय. पुण्याची मोठी ऑर्डर. चौघी बायका थापतेत, मी भाजते. केराबाई म्हणती, "काकू, तुमी बसा की. पाय बघा, भोपळा झालाय." केराबाई चौघीत सगळ्यात जुनी आन् सगळ्यात तोंडाळ. पाय आजचा न्हाय, धना झाली तवापासनं डावा असाच हाय. चुलीपुढं उभं राहून सुजतो. मी चपलांचे दोन जोड घेते, सातचा आन् नऊचा. उरलेल्या दोन केराबाईनं एकदा घालून बघितल्या आन् म्हणली, "काकू, तुमच्यासारखीच एक उलटी बाई हुडका, दोघींचं भागंल."

हसले मी. पण बसले न्हाय.

७ एप्रिल

दवाखान्यात रक्त द्यायला गेलो. माजिदा सिस्टर धनाला सोडून माझ्या पायाकडं बघत बसली. "मावशी, ये पांव कबसे ऐसा?"

म्हणलं, "तू तिच्या दंडाकडं बघ. सुई दंडात मारायचीया."

"हौ मा, बघूलाले," म्हणली आन् हसली. पण आत जाऊन काय तर बोलली. आतनं बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला असलं आवडत न्हाय. पेशंट मी हाय का?

९ एप्रिल

सोनोग्राफी झाली. दोन्ही बाजूंनी मिळून चोवीस अंडी धरलीत. मला वाटलं चांगलंच की, जेवढी जास्त तेवढं बरं. बाईंचं तोंड काय तसं दिसंना.

मला आन् धनाला बसवून सांगितलं. "मावशी, रक्तात गोठवणारे घटक असतात, आम्ही त्यांना फॅक्टर म्हणतो. डझनभर आहेत. बोट कापलं की एक जण उठतो, तो दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. सगळे मिळून रक्त थांबवतात आणि परत बसतात. ह्या सुयांनी अंडी वाढतात, अंड्यांनी हार्मोन वाढतं, आणि हार्मोननं हे लोक उगीचच उठायला लागतात. बहुतेक बायकांना काही होत नाही. पण ज्यांच्या घराण्यात गुठळीचा त्रास आहे त्यांना जपावं लागतं. म्हणून परत विचारते. आईच्या बाजूनं कोणी?"

म्हणलं, "एकदा सांगितलं की."

धना मधी बोलली. "अव्वा, तुझी एक बहीण होती ना?"

"होती. वारली. लहानपणी."

बसव्वा अक्का बावीस वर्सांची होती. मी चौदाची. लहानपणी म्हणलं ते माझ्या लहानपणी. खोटं कुटं बोलले?

सुया दोन. आठ. उजवी. आज एक सुई दोनदा टोचावी लागली. पंख्याचं वारं होतं.

१० एप्रिल

आज काय झालं ते लिहिते. हितं लिहिलं तर कोण वाचतंय. माजिदा फक्त सुयांची ओळ बघती.

दुपारी धना खालनं जिना चढून वर आली. चौदा पायऱ्या. वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली. पोट फुगलेलं, धाप लागलेली, ओठ सुकलेले. म्हणली, "अव्वा, पाणी दे. गार पाणी दे की."

तांब्या माझ्या हातात होता. मी दिला न्हाय. देऊ शकले न्हाय. तशीच उभी.

तिच्या मागनं केराबाई आली, तिनं समोरच्या दुकानातनं गार बाटली आणलेली. टोपण काढून ती धनाला देणार, तेवढ्यात मी ती हिसकली आन् मोरीत वतली.

धना बघतच राहिली. "अव्वा, येडी झालीस का? रोज तीन लिटर पाणी पी म्हणून डॉक्टरनी सांगितलंय!"

केराबाई टोपण हातात घेऊन दोन पायऱ्या खाली उतरली. ती तोंडाळ बाई मागं सरली म्हंजी माझं तोंड कसं झालं असंल.

मग धना घागरीतलं कोंबट पाणी स्वतः घेऊन प्याली आन् पाठ करून झोपली.

अक्कलकोटच्या पल्याड आमचं माहेर. अक्का पहिल्या बाळंतपणाला आलेली. पोरगा झाला. बाराव्या दिवशी आई नदीला धुण्याला गेली, मला म्हणली अक्काजवळ बस, आन् कितीबी मागितलं तरी गार पाणी द्यायचं न्हाय. बाळंतिणीला गार पाणी म्हंजी इख, हे आमच्याकडं शेंबडं पोर पण सांगंल. शेक, धुरी, बंद खोली, आन् दिवसभरात अर्धा तांब्या कढत पाणी, तेवढंच. दोन दिवस पोटरी दुखती म्हणत होती. आईनं तेल लावून चोळून दिली.

अक्का उठून दारापर्यंत गेली आन् परत आली. चारच पावलं. पण अशी धाप लागली जसं काय डोंगर चढून आली. मला म्हणली, "निंगी, नीर कोड," पाणी दे. परत म्हणली, "नीर कोड, निंगी." मी माठातनं गार पाणी दिलं. गटागटा प्याली. भांडं माझ्या हातात दिलं आन् आडवी झाली ती झालीच.

आई आली. भांडं बघितलं. माठाचं झाकण बघितलं. मला मारलं न्हाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुस्तं म्हणली, "तू दिलंस?"

बावन्न वर्सं झाली.

आता त्या बाईंना काय सांगू? बहिणीला मी मारली म्हणून सांगू? त्याचा गुठळीशी काय संबंध? आन् मग धनाला कळणार, जावयाला कळणार, मोडनिंबच्या विहीणबाईला कळणार. सोयरिकीत काय सांगितलं आन् आता काय निघालं.

पण ती कठड्याला धरून उभी होती ना, ती धना नव्हती. अक्काच होती.

सुया दोन. आठ. डावी.

११ एप्रिल

सकाळी भाकरीचं पीठ केराबाईच्या ताब्यात देऊन एकटी रिक्षानं गेले. दवाखाना उघडला पण नव्हता. पायरीवर बसले. माजिदा आली, "क्या हुआ मावशी?" म्हणलं, बाई पायजेत, तू न्हाय.

बाईंना उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर बोलता आलं नसतं. माठ, भांडं, सगळं. म्हणलं, "बहीण बाळंतपणात गेली. पण दुखण्यानं न्हाय. मी गार पाणी दिलं म्हणून गेली. तुमच्या कागदात कुटं बसतंय तितं लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाण्याबद्दल एक शब्द विचारला न्हाय. विचारलं, "कितवा दिवस?"

"बारावा."

"पाय दुखत होता म्हणालात. कुठला? सुजला होता?"

"डावी पोटरी. सुजलेलीच की. लाल पण होती."

"धाप पाणी प्यायच्या आधी लागली, का नंतर?"

मी बोटावर मोजलं, दार, धाप, मग भांडं.

आधी. धाप आधी लागली. म्हणून तर पाणी मागितलं.

बाई म्हणल्या, "मावशी, बावन्न वर्षांनी मी शपथेवर नाही सांगू शकत. पण तुम्ही जे सांगताय ना, पायात गुठळी, ती सुटून छातीत गेली, धाप लागली, माणूस गेलं, हे आम्ही पुस्तकात वाचतो ते जसंच्या तसं आहे. पाण्यानं बाळंतीण मरत नाही. उलट पाणी कमी पडलं की रक्त जास्त घट्ट होतं."

मी म्हणलं, "म्हंजी पाणी द्यायला पायजे होतं?"

"द्यायलाच पाहिजे होतं."

मग मी खाली बसले. माजिदानं चहा आणला. मी कुणाच्या घरचा, दवाखान्याचा चहा घेत न्हाय. घेतला.

बाई गप्प बसायच्या न्हाईत. "आता तुमचा पाय." म्हणलं चुलीपुढं उभं राहून. "फक्त डावाच उभा राहतो का चुलीपुढं?" माजिदा फिसकन हसली. मग सांगितलं. धनाच्या आधी तीन पोटं पडली. धना झाली आन् पंधराव्या दिवशी डावी मांडी केळीच्या खांबासारखी झाली. सासूनं विटकर तापवून शेक दिला. महिनाभर उठले न्हाय. मग उठले. कामं होती.

बाई कागदावरची फुली खोडून लिहीत बसल्या. लई वेळ लिहीत होत्या. तेवढं सगळं माझ्या पोटात होतं व्हय?

धनाला लगेच बोलवून घेतलं. पायाची सोनोग्राफी, बोटाला यंत्र. सगळं ठीक. पोट फुगल्यानं धाप लागली म्हणल्या. पण बेत बदलला. अंडी काढायची, गर्भ करून बर्फात ठेवायचे, ह्या महिन्यात पोटात काय सोडायचं न्हाय. आन् आजपासनं रक्त पातळ ठेवायची सुई. आम्हा दोघींचं रक्त पुण्याला पाठवलं.

रिक्षात धना म्हणली, "मला का न्हाय सांगितलं, अव्वा?"

"तू विचारलं न्हाय."

"तू विचारू दिलंस कधी?"

सात रस्त्याचा सिग्नल लागलेला, तिकडं बघत बसले. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. डाव्याच.

१५ एप्रिल

अंडी काढली. रक्त पातळची सुई काल दिली न्हाय, बाईंनी तसं लिहून दिलेलं. आज संध्याकाळी परत चालू. धना गुंगीत होती, बडबडत होती. जावईबापूंना फोन लावून म्हणली, "अव्वानं मला पाणी दिलं." त्यांना वाटलं जास्तच गुंगी दिलीया.

गार न्हाय, साधंच दिलेलं. पण माझ्या हातानं दिलं.

१९ एप्रिल

नऊ गर्भ झालेत. बर्फात हायेत. आमच्या घरात बर्फ न्हाय आन् नातवंडं बर्फात. चनमल्लप्पा असते तर पोट धरून हसले असते.

२६ एप्रिल

पुण्यासनं रिपोर्ट आला. जावईबापू कुर्डुवाडीवरनं आले होते.

पाचव्या नंबरचा फॅक्टर. डझनभरातला तो पाचवा आमच्यात बिघडलेला हाय, मला आन् धनाला दोघींना. जन्मापासनं. बाई म्हणल्या, काम झालं की बाकीचे सांगितल्यावर बसतात, हा बसायला उशीर लावतो. केराबाईला सांगितलं तर म्हणती, "मग तो तुमच्याच घरचा की, काकू."

जावयासमोर मान वर होईना. म्हणलं, "बापू, सोयरिकीत आमी सांगितलं होतं आमच्यात काय न्हाय म्हणून. ते खोटं निघालं. माझ्याकडनंच आलंय धनाला."

मल्लेश लई कमी बोलतो. टोपी काढली, परत घातली. "आत्या, आमच्या बाबांची शुगर तवा चारशे होती. तुमच्या घरी बघायला आले तवा दोन लाडू खाल्ले, तुमाला संशय येऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी ॲडमिट."

म्हणलं, "दोन न्हाय, तीन. मी मोजले होते."

धना हसताना पोट धरून बसली.

बाई म्हणल्या, बसव्वाच्या घरी पण कळवा. अक्काचा पोरगा तिप्पण्णा तिच्या सासरी वाढला. विजापूरकडं असतो, ट्रक होता, आता पोरं चालवतेत. मी त्याला कधी फोन करत न्हाय. त्याची आई मी खाल्ली, काय तोंडानं करणार. आज केला. म्हणलं, तुझ्या लेकीबाळींचं रक्त तपासून घे, बाळंतपणाच्या आधी डॉक्टरला सांग. आन् मग सांगितलं, तुझ्या आईला पाणी मीच दिलं होतं.

तो कानडीत म्हणला, "कुटलं पाणी, मावशी? मला तर ताप येऊन गेली म्हणून सांगितलंय."

त्याला म्हाईतच न्हाय. तिकडं कुणालाच म्हाईत न्हाय. आई गेली, वडील गेले. ते भांडं घेऊन मी एकटीच उभी होते इतकी वर्सं.

आजची सुई. आठ. उजवी.

२ मे

माझ्या पायाला लांब घट्ट मोजा दिलाय. मांडीपर्यंत. चुलीपुढं, मे महिन्यात. घालायला दोघी लागतेत, काढायला तिघी. हे शहाणपण कुणी शोधलं त्याला भाकरी भाजायला बसवा.

घालते पण. पाय हलका वाटतो. बाईंना सांगितलं न्हाय, उगं चढून जातील.

९ मे

फुटपाथवर कुंभारीण माठ घेऊन बसली होती. तीन वाजवून बघितले, चौथा घेतला. रिक्षावाला म्हणला, "मावशी, इतक्या उशिरा? उन्हाळा संपत आला की." त्याला काय करायचंय.

जिन्याखाली जागा निघाली.

पहिलं भांडं भरून बाजूला ठेवलं. कुणी प्यायचं न्हाय म्हणून सांगितलं. धनानं का म्हणून विचारलं न्हाय. संध्याकाळी ते पाणी तुळशीला घातलं.

१८ जून

आज एक गर्भ आत सोडला. दहा मिनिटाचं काम. मी बाहेर बसले होते, माजिदा येऊन शेजारी बसली. "डर लगूलाला क्या मावशी?"

"भीती कशाची? भाकरी तव्यावर टाकली की फुगती तरी न्हाय तर न्हाय तरी."

"आन् न्हाय फुगली तर?"

"तर ती पण खायचीच असती."

खरं सांगायचं तर भीती वाटती. मूल न्हाय झालं तरी चालंल, धना पायजे. हे तिला सांगितलं न्हाय. हितं लिहून ठेवते.

रक्त पातळची सुई रोज. पोटावर निळे डाग पडलेत, जागा हुडकावी लागती.

२४ जून

धना दिवस मोजती. कुर्डुवाडीवरनं दिवसात चार फोन. विहीणबाईंचा एक. "काय विशेष?" म्हणलं, ऊन हाय.

२ जुलै

सकाळी रक्त दिलं. दुपारी दवाखान्यातनं फोन आला. धनानं घेतला. मी खाली चुलीपुढं होते. ती जिन्यावर आली, एकेक पायरी धरून सावकाश उतरली. केराबाईनं भाकरी थापायची थांबवली. धना माठाजवळ गेली, भांडं बुडवलं, गार पाणी उभ्यानं प्याली. मग माझ्याकडं बघितलं.

दोन भाकऱ्या करपल्या.

काय कळलं ते लिहिणार न्हाय. तीन महिने झाल्याबिगर आमच्यात सांगत न्हाईत, आन् मी दुखणी लपवायची सोडली, बाकीचं न्हाय.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. बाईंना विचारलं, सुई कधीपर्यंत? त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटत उलटत शेवटापर्यंत नेलं आन् म्हणल्या, ह्यात मावत नाही, पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत धरा.

ही डायरी डिसेंबरला संपती. निघताना माजिदाला म्हणलं, पुढच्या सालची आली की एक माझ्यासाठी काढून ठेव.

"कायकू मावशी?"

सुई. आठ. डावी. आता मला कुणी काय विचारायचं न्हाय, मी सांगणार न्हाय.